दोन राण्या, एकच किल्ला

देवासच्या जुन्या बाजारात राजू भियाचं, म्हणजे राजूभैयाचं, गेमचं दुकान होतं. त्या जागी आता मोबाइलची कव्हरं मिळतात. परवा बाबांना भेटायला इंदूरहून आले, तेव्हा बसमधून उतरून मुद्दामच त्या गल्लीतून गेले. दुकानाबाहेर गुलाबी, निळी, चमचमती कव्हरं तारेवर टांगली होती आणि आत एसी घोंघावत होता. मी पायरीवर उभी राहून खोल श्वास घेतला. नव्या प्लॅस्टिकचा वास आला, दुसरं काही नाही. दुकानदाराने विचारलं, "कौन सा मॉडल है, दीदी?" मी म्हटलं, "मॉडल नहीं, जगह देख रही हूँ." तो हसला आणि त्याने माझा नाद सोडला.

तेवढ्यात पर्समधला फोन थरथरला. शिरीषचा मेसेज होता. शिरीष म्हणजे धारचा माझा मामेभाऊ. आमच्या गेमवाल्यांच्या ग्रुपवर त्याने लिहिलं होतं, "वाद संपला. कंपनीने अधिकृत कालक्रम जाहीर केला आहे. यापुढे सगळ्यांनी तोच मानायचा. उलट लिहिणाऱ्याला ग्रुपमधून काढण्यात येईल." ग्रुप त्याचाच, त्यामुळे हुकूमही त्याचाच. मागोमाग माझ्यापुरता एक वेगळा मेसेज आला. "तू पण लिहून टाक ना, की तुम्हा देवासवाल्यांचं लहानपणीचं चुकलं होतं. तुझं बघून बाकीचे मानतील."

मी त्या कव्हरांखालीच उभी राहून मोठ्याने म्हटलं, "नाही लिहिणार, जा!" दुकानदाराने पुन्हा वर पाहिलं.

वाद कशाचा ते आधी सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल घराच्या वाटणीचा आहे. वाद एका व्हिडिओ गेमचा आहे. जपानकडच्या कुठल्याशा कंपनीचा हा गेम आम्ही शाळेत होतो तेव्हापासून चालू आहे. चार-सहा वर्षांनी त्याचा नवा भाग येतो आणि जगभरातली माझ्या वयाची, केस पिकू लागलेली माणसं पुन्हा पोरांसारखी जागी होतात. नाव त्याचं लांबलचक आहे. आमच्याकडे तो पहिल्यापासून 'मशालवाला' म्हणूनच ओळखला जातो, कारण त्यात हिरवा झगा घातलेली एक पोरगी हातात मशाल घेऊन जंगलातून, भुयारांतून, भुतांच्या वस्तीतून चालत असते. गंमत अशी की त्याचे भाग गोष्टीच्या क्रमाने निघालेच नाहीत. कुठल्या भागातली गोष्ट आधी घडली आणि कुठल्यातली नंतर, यावर लोक वर्षानुवर्षं भांडत आले आहेत. आम्ही त्यातले सगळ्यात जुने भांडखोर.

राजू भिया खरा टीव्ही दुरुस्त करणारा. त्याच्या दुकानात शिरलं की आधी डाख लावायच्या राळेचा वास यायचा, मग कूलरच्या ओल्या वाळ्याचा, मग शेजारच्या कढईतून निघणाऱ्या लवंगी शेवेचा. उन्हाळ्यात दुपारी दाराला पोत्याचा पडदा लावलेला असायचा. तो बाजूला सारून आत गेलं की डोळ्यांपुढे अंधारी यायची आणि त्या अंधारात फक्त दोन पडदे दिसायचे. दोन, कारण कुणीतरी दुरुस्तीला दिलेला एक टीव्ही न्यायला कधी आलंच नाही. राजू भियाने वाट पाहिली, पाहिली आणि शेवटी त्यालाही गेम जोडून टाकला.

आणि इथेच आमचं बाकीच्या जगापेक्षा वेगळं झालं. जगात लोकांनी मशालवाल्याचा पहिला भाग खेळला, मग काही वर्षांनी दुसरा खेळला. आमच्याकडे राजू भियाने दोन्ही कॅसेटी एकाच फेरीत आणल्या आणि शेजारशेजारच्या दोन टीव्हींवर एकदमच लावल्या. बरोबर पुस्तिका नाही, डबा नाही. अक्षरं अशी की वर कुठलं आणि खाली कुठलं तेही कळू नये. डावीकडच्या टीव्हीत टेकडीवर एक किल्ला, त्यावर पांढरा झेंडा आणि आत पांढऱ्या कपड्यांतली राणी. उजवीकडच्या टीव्हीत तीच टेकडी, तोच किल्ला, पण झेंडा लाल आणि राणी दुसरी. दोन्हीकडे फाटकाशी विहीर, विहिरीवर तीच म्हातारी आणि म्हातारीच्या पायाशी तीच एक कान तुटलेली मांजर.

त्या दुकानात मी एकटीच मुलगी होते. मुलं मला कंट्रोलर द्यायची नाहीत. "तू बस, बघ," म्हणायची. म्हणून मी बघितलं. ती बटणं बडवत असताना मी दोन्ही पडदे नीट बघितले. किल्ल्याच्या वाटेवर एक दगडी पूल होता. डाव्या टीव्हीत तो किल्ल्याच्या बाजूने मधोमधपर्यंत धडधाकट दिसायचा, आणि पुढे धुकं. उजव्या टीव्हीत पोरगी नदीच्या पलीकडून यायची आणि तिला दिसायचा तो पुलाचा मोडका भाग, गवत उगवलेला, तोही मधोमधपर्यंतच. पुढे धुकं.

शिरीष दर उन्हाळ्याच्या सुट्टीत मामीबरोबर धारहून यायचा. बसने आधी इंदूर, मग देवास, आणि उतरला की तोंड धुवायच्याही आधी राजू भियाकडे. तो गणितात हुशार होता आणि त्याला त्याचा फार गर्व होता. पहिल्याच वर्षी त्याने निकाल लावून टाकला.

"सीधी बात आहे," तो म्हणाला. "आधी पांढरी राणी. मग लढाई झाली, पूल तुटला. शंभर वर्षांनी लाल राणी."

"आणि म्हातारी?" मी विचारलं. "शंभर वर्षं विहिरीवरच उभी?"

"ती नात असेल तिची."

"आणि मांजर? मांजरीची पण नात? तिचा पण तोच कान तुटला?"

दुकानातली सगळी पोरं हसली. शिरीषचे कान लाल झाले. "मग तूच सांग ना, हुशार!"

मी सांगितलं. मला त्यात अवघड असं काही वाटलंच नव्हतं. देवासच्या कुठल्याही पोराने तेच सांगितलं असतं. दोन्ही राण्या एकाच वेळी होत्या. किल्ला एकच, गाव एकच आणि राण्या दोन. अर्धा पूल एकीचा, अर्धा दुसरीचा. पांढरीने आपला अर्धा दुरुस्त ठेवला, लालने ठेवला नाही, आणि दुसरीच्या हद्दीतला एक दगडही कुणी बसवायचा नाही.

"अबे, एका गावात दोन राज्यं कशी असतील?" शिरीष ओरडला.

"आमच्या देवासला होती की!"

घरी बाबा शिवणयंत्रावर बसले की हेच तर सांगायचे. आमचे पूर्वज मराठ्यांच्या फौजेबरोबर इकडे आले आणि धाकट्या पातीच्या पागेतल्या लोकांचे अंगरखे शिवू लागले. दोन भावांना मिळून एकच गाव मिळालेलं, एक थोरली पाती आणि एक धाकटी पाती. रस्त्याच्या अलीकडे एकाचं राज्य, पलीकडे दुसऱ्याचं. कचेऱ्या दोन, शिपाई दोन, दसऱ्याच्या स्वाऱ्या दोन. झाडणारासुद्धा मधल्या रेघेपर्यंतच झाडायचा आणि उरलेला कचरा समोरच्या राज्याचा म्हणून सोडून द्यायचा, असं बाबा सांगायचे. त्यात खरं किती आणि तिखटमीठ किती, देव जाणे. पण राज्यं जाऊन इतकी वर्षं झाली तरी बाबा 'आपली पाती' म्हणताना आवाज जरा चढवायचे.

वर टेकरी पाहा. तिथेही देवी एक नाही. बडी माता आणि छोटी माता, दोघी बहिणी, एकाच टेकरीवर. एकीला नारळ वाहून दुसरीला टाळलं तर चालत नाही. लहानपणी आई हाताला धरून दोन्हीकडे न्यायची. फोडलेल्या नारळांचं पाणी पायरीवर सांडून वाळलेलं असायचं आणि त्याचा आंबूस-गोड वास उतरताना चपलांबरोबर घरापर्यंत यायचा. अशा गावात वाढलेल्या मुलीला एका किल्ल्यात दोन राण्या दिसल्या, तर तिने शंभर वर्षांचा हिशेब का मांडत बसावं?

धारच्या माणसाला हे कळणं कठीण. तिथे गादी एकच, बापामागून मुलगा. दिवाळीत आम्ही मामाकडे जायचो, तेव्हा शिरीष मला किल्ल्याच्या तटाशी नेऊन उभं करायचा आणि हात पसरून म्हणायचा, "बघ! एक किल्ला, एक राजा. ऐसा होता है." मामा मांडूहून खुरासानी इमली, म्हणजे गोरखचिंच, आणायचा. वरचं मखमली कवच दगडाने फोडलं की आत पांढरा, पिठासारखा आंबट गर. तटावर बसून तो गर चोखत आम्ही भांडायचो. दात आंबायचे, जीभ सोलवटायची, तरी बोलणं थांबायचं नाही. खालून मामी हाका मारून दमायची.

"तुझा पूल अर्धा दुरुस्त, हे कंपनीवाल्यांना माहीत तरी आहे का?" तो म्हणायचा.

"त्यांना माहीत नसेल तर त्यांनी देवासला यावं."

राजू भियाकडे आमची जुंपली की तो हातातली कैची खाली ठेवायचा. "अरे बाई, लड़ो मत यार. मैं के रिया हूँ, दोनों सही हो. अब तार छोड़ो, टूट जायगा." पण दोघेही बरोबर असणं आम्हा दोघांनाही मुळीच मान्य नव्हतं.

मग ते दिवस गेले. कसे गेले याचा शोध मी घेत नाही. एका सुट्टीत शिरीष आला नाही, एका वर्षी दाराचा पोत्याचा पडदा दिसला नाही, आणि राजू भिया सोनकच्छकडे गेला असं कुणीतरी म्हणालं. राळेचा वास गेला, वाळ्याचा गेला. लवंगी शेव अजून मिळते, पण ती पाकिटात.

वाद मात्र गेला नाही. शिरीषने धारला बी-बियाण्यांचं दुकान काढलं, मी इंदूरला नोकरीला लागले, दोघांचीही लग्नं झाली. मशालवाल्याचे नवे भाग येत राहिले. तिसऱ्यात किल्ला पडका, चौथ्यात तो बांधायला घेतलेला, आणि प्रत्येक भागाने जुन्या भांडणात तेल ओतलं. शिरीष बदनावर गावच्या मंडीतून फोन करायचा. मागे ट्रॅक्टर धडधडत असायचे, हमाल ओरडत असायचे आणि हा किंचाळत असायचा, "अगं, चौथ्या भागात भिंतीवर पांढरा आणि लाल, दोन्ही रंग आहेत, पाहिलंस? एकावर एक! म्हणजे आधी पांढरा, मग लाल!" मी ऑफिसच्या जिन्यात जाऊन म्हणायचे, "शेजारीशेजारी आहेत. चष्मा बदल."

मामा गेला तेव्हाचं सांगते. तेराव्याला सगळे जेवून उठले होते. शिरीष मागच्या अंगणात एकटाच खाटेवर बसला होता. त्या तेरा दिवसांत तो कुणाशी धड बोलला नव्हता, मामीशीसुद्धा नाही. मी शेजारी जाऊन बसले. तोच म्हणाला, "मांजरीचा प्रश्न मला अजून सुटलेला नाही." मी म्हटलं, "सुटणारही नाही." तो हसला आणि मग रडला. अर्धा तास आम्ही त्या एक कान तुटलेल्या मांजरीवर बोलत बसलो. कुणी पाहिलं असतं तर म्हटलं असतं, यांना वेड लागलंय. मला तेव्हा नीट कळलं की आम्हा दोघांमध्ये राखी आहे, दिवाळी आहे, सगळं आहे, पण बोलणं म्हणाल तर एवढं एकच आहे.

म्हणून मला त्या मेसेजचा राग आला. कालक्रम जाहीर झाला त्याला बरेच दिवस झाले होते, शिरीषचा हुकूम तेवढा नवा होता. कंपनीने छान रंगीत तक्ता काढला. आधी पांढरी राणी, मग लढाई, शंभर वर्षांनी लाल राणी. झगेवाली पोरगी दर पिढीत नवी. म्हातारी आणि मांजर दोन्हीकडे सारखी का, तर म्हणे त्या काळी कॅसेटीत जागा कमी असायची, म्हणून जुनीच चित्रं पुन्हा वापरली. म्हणजे शिरीष तंतोतंत जिंकला. मला वाटलं, आता हा बडबडून कान किटवेल. उलट त्याचा फोन यायचाच बंद झाला. आधी मला वाटलं सीझन आहे, सोयाबीनची गडबड असेल. मग मीच फोन केला, तर म्हणाला, "अगं, आता काय बहस करायची? कंपनीने खुद बताया आहे ना." आवाजात जिंकल्याचा आनंदसुद्धा नव्हता. दोन मिनिटांत हवापाणी विचारून झालं आणि त्याने फोन ठेवला. मला भीती वाटली. हे असंच राहिलं तर पुढच्या दिवाळीत आम्ही समोरासमोर बसून चकली खाऊ आणि एकमेकांना गुडघेदुखीचं औषध सांगू.

त्या दिवशी गल्लीतून घरी आले तो बाबा ओट्यावर बसले होते. यंत्र केव्हाच विकलंय, पण बोटं अजून मांडीवरच्या पायजम्याची शिवण चाचपत असतात. मी त्यांना मेसेज वाचून दाखवला. त्यांना गेममधलं ओ की ठो कळत नाही, पण वादाचा इतिहास पाठ आहे.

"कंपनी कुठली म्हणालीस?"

"जपानकडची."

"त्यांच्याकडे पात्या होत्या का?"

"नसाव्यात."

"मग त्यांना कसं कळणार?" बाबा म्हणाले आणि पाणी मागितलं.

मी पाणी दिलं, चहा केला आणि खिडकीशी बसून ग्रुपवर लिहायला घेतलं. तिथली नवी पोरं हिंदीतून लिहितात, इंग्रजी अक्षरांत. आम्हा जुन्यांचं मराठी त्यांना वाचायला जड जातं. गेलं तर जाऊ दे. मी मराठीतच लिहिलं आणि एकही स्माइली घातली नाही.

"आम्ही चुकलो असं मी लिहिणार नाही. तुम्ही हे भाग एकामागून एक खेळलात, आम्ही दोन टीव्हींवर शेजारीशेजारी पाहिले. दोन राण्या एकाच वेळी एकाच किल्ल्यात होत्या. अर्धा पूल पांढरीने दुरुस्त केला, अर्धा लालने मोडकाच ठेवला. म्हातारी एकच होती आणि ती दोघींचं पाणी भरायची. मांजर एकच होती. कंपनीने गेम बनवला हे मान्य. घर बांधणारा गवंडीसुद्धा घर बांधतो, पण आत कोण कुणाशी बोलत नाही हे त्याला विचारून ठरत नाही. तुमचा तक्ता तुमच्यापाशी ठेवा. नियमाप्रमाणे मला काढायचं असेल तर खुशाल काढा."

पाठवलं. या वयात, अशा गोष्टीसाठी, एवढं लांबलचक. मला त्याची लाज वाटली नाही. खाली पोरांनी हसणारे चेहरे टाकायला सुरुवात केली. एकाने लिहिलं, "आंटी, मान भी जाओ." दुसऱ्याने नुसताच तक्ता चिकटवला. मग पडद्यावर एक करडी ओळ उमटली. शिरीषने मला ग्रुपमधून काढलं होतं.

मी फोन उपडा ठेवला. मला वाईट वाटलं, खोटं का सांगू. सख्ख्या मामेभावाने चारचौघांत दार दाखवलं होतं, तेही मी नीट कारणं देऊन लिहिल्यावर. बाबा आपले चहा फुंकत राहिले.

कपबशा विसळत होते तेव्हा फोन वाजला. हात पुसून उचलला. मागे दुकानातली गिऱ्हाइकं बोलत होती, कुणीतरी गव्हाच्या बियाण्याचा भाव विचारत होतं.

"काढलं तुला," शिरीष म्हणाला. "नियम म्हणजे नियम. मीच घालून मीच मोडला तर पोरं काय म्हणतील?"

"बरं केलंस."

"हं."

मग त्याने गिऱ्हाइकाला "दो मिनट रुको, भिया" म्हटल्याचं ऐकू आलं, तो शटरशी जाऊन उभा राहिला असावा, रस्त्याचा गोंगाट वाढला आणि आवाज खाली आणून, अगदी राजू भियाकडे विचारायचा तसं त्याने विचारलं, "पण एक सांग. समज, तुझंच खरं. दोन्ही राण्या एकाच वेळी. मग पोरगी पण एकच होणार ना? ती मशालवाली?"

"एकच."

"मग ती कोणत्या राणीची?"

हा प्रश्न त्याने इतक्या वर्षांत कधी विचारला नव्हता. मलाही कधी सुचला नव्हता.

"कुणाचीच नाही," मी म्हटलं.

"असं कसं? कुणाची तरी असेलच ना!"

"का असेलच?" मी म्हटलं आणि खुर्ची ओढून बसले.